उजव्या चाकाची उटी

फोन तीनदा वाजला आणि दोनदा मी तो कापला. अकराची वेळ, कुपवाडच्या आमच्या खाणावळीत दोन्ही चुलींवर भाकरी चाललेल्या, कारखान्यांची जेवणाची सुट्टी तासाभरावर आलेली, आणि नंबर अनोळखी. मला वाटलं, हा अप्पाच. त्याचा स्वतःचा नंबर मी उचलत नाही म्हटल्यावर तो कुणाकुणाचे फोन मागून लावायचा, आणि आवाज ऐकला की मी कापायची. चौदा महिने हेच चाललं होतं. तिसऱ्यांदा उचलला तो एवढ्याचसाठी, की आता याला आईबापावरून शिव्या द्यायच्या, मग भले आईबाप दोघांचे एकच असोत. पलीकडं म्हातारा आवाज होता. "ताई, मी उंब्रजच्या अलीकडनं बोलतोय. माझ्या शेतात तुमच्या भावाची गाडी लागलीया. ते गाडीखाली गावल्यात." आणि मी, हाताला पीठ, डोक्यात चौदा महिन्यांचा राग, काय म्हणाले असेन? "मग काढा की बाहेर!" ... म्हातारा म्हणाला, "काढलंय ताई. काढून उपेग न्हाई झाला."

मेलेल्या माणसाविषयी वाईट लिहू नये म्हणतात. मी लिहिणार आहे. मायाप्पा, माझा थोरला भाऊ, आमचा अप्पा, तापट नव्हता. तापट माणूस कधीतरी निवतो तरी. अप्पा मारकुटा होता. कुपवाडला त्याचं ट्रक-टेम्पोची बॉडी बांधायचं वर्कशॉप होतं, आणि तिथं हातोडा पत्र्यावर पडतोय की कुणाच्या पाठीत, हे बाहेरून ऐकणाऱ्याला कळायचं नाही. एकदा एका गिऱ्हाईकानं, टेम्पोचं दार जरा वाकडं बसलंय, एवढंच म्हटलं. अप्पानं पहार घातली, दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि त्याच्या पायांवर टाकलं. "घे. आता दारच न्हाई, तर वाकडं काय म्हनतूस?" त्या माणसाची दोन बोटं चिरडली. दवाखान्यात त्याला घेऊनही अप्पाच गेला, आणि तिथं डॉक्टर उशीर करतोय म्हणून डॉक्टरच्या अंगावर धावला. असा माणूस. आणि मी त्याचीच बहीण, हे पुढं कळेलच.

आम्ही जत तालुक्यातले, मेंढरांमागं वाढलेलो. दिवाळी झाली की आबा, म्हणजे आमचे वडील, घोड्यावर बिऱ्हाड लादून कृष्णेकाठच्या रानात उतरायचे. कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची, शेताला खत, आम्हाला दाणे. नव्या रानात पोहोचलं की आबा सगळ्यात आधी उघड्या जमिनीवर उताणे पडायचे. डोळे मिटून, हात अंगाशी. एकदा इकडं डोकं, एकदा तिकडं. मग उठून काठी रोवायचे, की डोकी ह्या अंगाला. डोक्याकडची बाजू चार बोटं उंच हवी, पायाकडची खाली. "डोसक्यात रगत उतारलं की मानूस जनावर हुतंय," हे त्यांचं म्हणणं. एका वर्षी वारं तोंडावर येतंय म्हणून अप्पानं घोंगडं उलटं टाकलं. दहा वर्षांचं पोर. आबांनी झोपल्या जागी कानशिलावर काठी घातली. कानातून रक्त आलं, आणि त्या कानानं अप्पाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. जन्मभर तो ओरडून का बोलायचा, ते पुष्कळांना माहीत नव्हतं. डोकं उंचावर ठेवून झोपणारे आमचे आबा दिवसाउजेडी जनावरासारखे मारायचे, ही गोष्ट मला फार उशिरा हसण्यासारखी वाटली. अप्पाला कधीच वाटली नाही.

नऊ वर्षांपूर्वी त्यानं शाळेची एक जुनी बस घेतली, सीटा उपटून टाकल्या आणि तिचं चालतंफिरतं घर केलं. पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं त्याचा पलंग, उशी पुढच्या अंगाला. मध्ये आम्हा नवरा-बायकोला दोन बाकं. मागं माझा ओटा आणि शेगडी. मागच्या काचेवर लाल अक्षरात 'बिऱ्हाड'. त्याचं लग्न टिकलं नव्हतं, ते का ते सांगायला नको. म्हणून दिवाळीनंतर तो आम्हा दोघांना उचलायचा आणि आठ-दहा दिवस फिरवायचा. धोम, कोयना, पाचगणीच्या खालची रानं, जिथं शेतकरी हल्ली तंबू लावून पर्यटकांना जागा देतात तिथं. आमच्या ह्यांना सगळं कुपवाड दाजी म्हणतं, कारण अप्पा म्हणायचा. गाडी लावायची दोघांची रीत ठरलेली होती. अप्पा डाव्या बाजूनं उतरायचा, दाजी उजव्या. पुढच्या चाकामागं अडकवायचा दगड, म्हणजे उटी, डावीकडची अप्पानं लावायची, उजवीकडची दाजींनी. त्याबद्दल एक अक्षर बोलणं व्हायचं नाही. बोलणं, म्हणजे बोंबाबोंब, सुरू व्हायची ती त्यानंतर.

कारण गाडी लावण्याआधी अप्पा, आबांसारखाच, त्या रानात उताणा पडायचा. साठीला आलेला माणूस, तंबूतली पोरं-पोरी बघतायत, आणि हा मातीत डोळे मिटून आडवा. मग उठून गाडीचं तोंड चढाला करायचा, उशाकडची बाजू चार बोटं उंच होईपर्यंत. त्याची झोप झाली, पण माझ्या शेगडीचं काय? पुढून चार बोटं उंच म्हणजे मागून तेवढी खाली. तव्यातलं तेल एका कडेला पळायचं. धिरडं घातलं की अर्धं जाड, अर्धं करपलेलं. डाळ पातेल्यात तिरकी उभी. मी पाण्यानं भरलेलं ताट त्याच्यासमोर नाचवायची, "बघ, डोळं फुटलं न्हाईत न्हवं तुझं?" आणि तो ताट लाथेनं उडवायचा. मी म्हणायची, मागच्या चाकांखाली फळी घाला. तो म्हणायचा, मग डोकं खाली जातंय. मी म्हणायची, तुझं डोकं वर असून काय उजेड पडलाय! आठ वर्षं, प्रत्येक मुक्कामाला हेच. तिसऱ्या वर्षी मी गवंड्यांच्या दुकानातून पाणसळ आणली, फूटभर लांबीची, लोखंडी, मध्ये काच आणि काचेत बुडबुडा. ओट्यावर ठेवून दाखवली. त्यानं बघितलंही नाही. "माझी पाट हीच पानसळ," म्हणाला.

आणि मग धोमचा मुक्काम. दुपारची वेळ, अप्पा जेवणाआधी पलंगावर आडवा झाला होता, त्याचा घोरण्याचा आवाज येत होता. त्या दिवशी दाजींचा वाढदिवस होता आणि मला त्यांच्यासाठी तेलपोळी करायची होती. पाणसळीतला बुडबुडा पार टोकाला. मी दाजींना म्हटलं, "हा उठायच्या आत गाडी मागं घ्या, फळीवर चढवा. काय हुतंय ते मी बघते." ते नको म्हणत होते. खरंच नको म्हणत होते. मी त्यांना बायल्या म्हटलं... तेव्हा ते स्टेअरिंगवर बसले. चाक फळीवर चढलं, फळीवरून सरकलं, आणि गाडी दाणकन आपटली. अप्पाचं कपाळ पलंगाजवळच्या लोखंडी कोपऱ्यावर फुटलं. तो उतरला तो जॅकचा दांडा घेऊनच. तोंडभर रक्त, डोळ्यांत रक्त, समोर कोण आहे हे त्याला दिसलं असेल की नाही, देव जाणे. दाजी गाडीतून खाली पाय टाकतायत तोवर दांडा त्यांच्या उजव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ओली फांदी मोडावी तसा. दुसरा घाव त्यानं उगारला होता, आणि मी ती पाणसळ फेकली. नेम धरून फेकली, उगाच कशाला खोटं लिहू? डोक्यावरच धरला होता. ती भुवईवर लागली, आणि तो गुडघ्यांवर बसला. तंबूतली माणसं मोबाइल धरून उभी होती, पुढं कोणी आलं नाही. मी म्हणाले, "आबाचं रगत हाईस तू. आजपासनं मला भाऊ न्हाई." तो रक्त पुसत एवढंच म्हणाला, "हौसे, दाजींना दवाखान्यात न्यायला पायजे." मी त्याच्या गाडीत पाय ठेवला नाही. वाईपर्यंत एका परक्याच्या टेम्पोतून गेलो.

दाजींचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी मात्र अप्पाला केव्हाच माफ केलं होतं. माझ्या पाठीमागं त्याच्याशी फोनवर बोलायचे, मला ठाऊक होतं. उंब्रजच्या आदल्या दिवशी ते चुलीपाशी येऊन उभे राहिले. "अप्पा उंब्रजला गाडी लावतोय. एकटाच हाय. म्हनतोय, दाजी, निदान तुमी तरी या. जाऊ का?" मी उलथणं त्यांच्या पायाशी आपटलं. "गेलात तर परत ह्या उंबऱ्याच्या आत येऊ नका." ते गेले नाहीत. बत्तीस वर्षांत त्यांनी माझं कधी मोडलं नाही, आणि त्या दिवशीच मोडायला हवं होतं.

आम्ही पोहोचलो तोवर अप्पाला नेलेलं होतं. गाडी उसाच्या कडेला तिरकी पडली होती, एका अंगानं बसलेली. शेताचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, हात जोडून उभे, जसं काही त्यांनीच मारलं. त्यांनी सांगितलं ते असं. गाडी फळीवर चढवायला मागून 'येऊ दे, येऊ दे' म्हणणारं कोणी नाही, म्हणून अप्पानं मागचं अंग जॅकवर उचललं आणि फळी सारायला खाली शिरला. मागची चाकं उचलल्यावर हातब्रेक कशाला धरणार? सगळा भार पुढच्या दोन उट्यांवर. डाव्या चाकामागं उटी होती, नीट ठोकून बसवलेली. दाजी चालत उजवीकडं गेले. मीही मागोमाग गेले. उजव्या चाकामागं काहीच नव्हतं. नुसती माती, आणि तिच्यावर चाक मागं ओढल्याचा वळसा. गाडी डाव्या उटीवर फिरली आणि जॅक आडवा झाला. उजवीकडचा दगड गाडीच्या पेटीत तसाच पडलेला होता. अप्पा विसरला नव्हता हो. ती बाजू कधी त्याची नव्हतीच. आठ वर्षं ती दाजींची बाजू होती, त्याचा हात तिकडं जाणारच कसा... दाजी तिथंच मातीत बसले आणि डाव्या हातानं स्वतःचा उजवा खांदा बुक्क्यांनी मारत राहिले. मला त्यांचा हात धरावा लागला.

म्हाताऱ्यांना राहवेना. ते म्हणाले, "कालपास्नं एकच घोकत हुता. उद्या भनीला आनायला जायाचं हाय, तिचा तवा सपाट बसला पायजे. मी म्हनलं, न्हाई आली तर? तर म्हनला, खांद्यावर टाकून आनतो, चावंल दोनदा, मग गप बसंल." मी आत चढले. माझ्या ओट्याच्या कडेला ती पाणसळ स्क्रूनं घट्ट बसवलेली. काचेला गेलेला तडा, त्यावर पारदर्शक पट्टी. धोमच्या रानातून ती त्यानंच उचलून आणली होती. पुढं पलंगाशी गेले तर उशाकडच्या पायांखाली बाभळीचे दोन नवे ठोकळे. मी माझी बोटं लावून बघितली. चार. बरोब्बर चार. म्हणजे गाडी सपाट, पलंग तेवढा चढाला. त्याचं डोकं वर, माझा तवा सरळ. एवढंच! आठ वर्षं भांडलो, एक कपाळ फुटलं, एक हाड मोडलं, आणि तोडगा काय, तर दोन ठोकळे. महिन्याला दोन ट्रक बांधणाऱ्याला हे सुचायला चौदा महिने लागले, आणि मला तर सुचलंच नाही. मी त्या पलंगाला लाथा घातल्या. अप्पाला हाका मारून शिव्या दिल्या, त्याच्या, माझ्या, आबांच्या नावानं. मेल्या, फोनवर सांगायचं होतंस ना! मग आठवलं, की फोन तर मीच कापत होते.

त्याला आता पाच आठवडे झाले. गाडी वर्कशॉपच्या माणसांनी दुरुस्त करून आमच्या खाणावळीच्या मागं आणून लावली आहे. इथं फरशी आहे, एकदम सपाट. बुडबुडा मधोमध बसतो, रोज जाऊन बघते. विकायची का ठेवायची, ते ठरत नाही. त्या पलंगावर मी एकदा पडूनही पाहिलं. डोकं चार बोटं उंच, आणि मला खरंच छान झोप लागली, याचाही मला राग आला.

परवा सकाळी राख टाकायला मागं गेले, तर दाजी गाडीपाशी वाकले होते. उजवा हात लोंबता, आणि डाव्या हातानं ते पेटीतला दगड ओढत ओढत पुढच्या उजव्या चाकामागं सारत होते. मी म्हटलं, "आवं, फरशीवर हाय गाडी. कुठं जात्या ती?" त्यांनी वर बघितलं नाही. उटी चाकाला भिडवली, टाचेनं दोनदा आत ठोकली.

"राहिली हुती," म्हणाले.