नाक मोकळं करणारे नाना

अमळनेरच्या हेमराजनानांना पंचाहत्तरावं लागलं आणि गौरवअंकात लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. मी धुळ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. स्पीकरची खोकी करायला मात्र नानांनीच शिकवलं.

पहिली भेट म्हणजे पहिला ओरडा. माझे वडील, आबा, वारले तेव्हा त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट मागे राहिली. आबांचा आवाज खोल, भरदार; माझ्या फळीवरच्या छोट्या स्पीकरमधून तो पोरासारखा किनरा यायचा. अंथरुणाला खिळलेली आई म्हणायची, "हे ते नाहीत. बंद कर." तिला आबा पुन्हा ऐकवायचे, एवढंच मला हवं होतं. तो स्पीकर घेऊन मी अमळनेरला गेले. नानांनी त्याचं खोकं उलटं केलं आणि मागच्या भोकातून मूठभर कापूस ओढून काढला. झुरळं शिरू नयेत म्हणून मीच कोंबला होता!

"ताई, यानं नाकच बंद शे ना! बठ्ठा आवाज मझारच शे!"

खोक्याचं नाकच बंद, सगळा आवाज आतच अडकलाय म्हणे! अस्सा राग आला मला! पण चूक माझीच होती.

भोकात नळी बसवून ती लांबवली की आवाज आणखी खाली उतरतो. नानांनी नळाचा पाइप आधी लांबच ठेवला. जरासा कापायचा, ऐकायचं, परत कापायचा. चार दिवस हेच चाललं. अंदाजपंचे काम नानांना खपत नाही.

मग खोकं मांडीवर घेऊन ते स्वतः एसटीने धुळ्याला आले. भर दुपारी खोकं आईच्या उशाशी ठेवून कॅसेट लावली. आबा बोलले. "आले गं!" म्हणत आई रडायला लागली. पण शब्दांखाली काहीतरी धप्-धप् वाजत होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आई म्हणाली, आबा आडवे पडून, टेप छातीवर ठेवून बोलायचे. ते त्यांचं काळीज होतं! तिने भोकापुढे तळहात धरला. आवाजाबरोबर वारा हाताला लागत होता.

कॅसेट संपली. मी बटण बंद केलं. आई हात काढेना.

"अजून येतोय."

मीही भोकापुढे हात धरला. खरंच येत होता, मंद, कोमट. खिडकी बंद, पंखा बंद. नाना काहीतरी शास्त्र सांगतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही हात धरला, झटकन मागे घेतला आणि करवत पिशवीत टाकली. "राहू दे ताई. आते नळी कापानी नई," एवढंच म्हणाले.

आई आता रोज दुपारी तिथे हात ठेवून झोपते. खरं सांगते, मी त्या वेळी खोलीत जात नाही.

नाना, हातपाय धड ठेवून शंभरी ओलांडा. ते खोकं कधी बंद पडलं तर उघडायला तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि माझ्या आईला आबा दोनदा जायला नकोत.