पाटीखालचा हिरवा

सुरतेत नवागामच्या रस्त्यावर तो स्कूटर रंगवायचा. नाव मी कधी विचारलं नाही. उजव्या अंगठ्याचं नख त्याने मुद्दाम वाढवलं होतं. जुना रंग तो त्या नखाने तपासायचा.

तुमच्या बाबाला आजोबांची हिरवी इलेक्ट्रिक गिटार जुन्या काळच्या फिक्या पिवळ्या रंगात हवी होती. आजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. सगळ्यात स्वस्त स्प्रेचा डबा घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. बाबाचं बोट बटणावरच होतं.

"थांब ना भाऊ! डबा स्वस्त आहे, गिटार नाही." त्याने गिटारच्या तारांखालची प्लास्टिकची पाटी स्क्रू काढून उघडली, आत नख रोवलं आणि रुपयाएवढ्या जागेत स्प्रे मारला. मग सावकाश चहा प्यायला. आम्ही दोघं त्या ठिपक्याकडे बघत उभे. हळूहळू रंग सायीसारखा सुरकुतला.

"खाली दाराचा ऑइलपेंट आहे. सगळी गिटार अशीच झाली असती. हा हिरवा पुरा खरवडावा लागेल, ताई. मग हाच डबा चालेल."

दारं रंगवून उरलेला तो हिरवा आजोबांनी स्वतःच्या हाताने गिटारला दिला होता. मी त्या हिरव्यावरून बोट फिरवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोणाच्या हातचा?"

"ह्यांच्या."

त्याने पाटीवर हात ठेवला. "मग हिच्याखालचा राहू देतो. वरून कोणाला दिसतो?"

गिटार आता तुमच्याकडे आहे. पुढच्या वेळी तारा बदलाल तेव्हा पाटीचे स्क्रूही काढा. आमची दारं तशीच हिरवी होती.