रस्त्याच्या मधोमध मतदारसंघ

२००९ सालच्या स्थानिक निवडणुकांच्या आधी आमच्याकडे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. आम्ही तेव्हा आयर्लंडमध्ये, शॅननहून एनिसकडे जाताना लागणाऱ्या एका लहानशा गावात राहत होतो. सीमा आखणाऱ्यांनी आमच्या वसाहतीच्या रस्त्यावरून बरोब्बर मधोमध रेघ ओढली. डावीकडची घरं गावाच्या मतदारसंघात राहिली आणि उजवीकडची, म्हणजे आमची, समुद्रकाठच्या खेड्यांच्या मतदारसंघात गेली. समुद्र आमच्यापासून गाडीने पाऊण तासावर होता.

याचा त्रास पहिल्यांदा दिव्यांवरून झाला. वसाहत बांधणारा बिल्डर मंदी आल्यावर नाहीसा झाला होता. खांब उभे होते, पण दिवे लागत नव्हते, आणि हिवाळ्यात तिथे चार वाजताच अंधारून येतं. मी गावाच्या नगरसेवकांना फोन केला. ते म्हणाले, "खांब उजव्या बाजूला आहेत, तिकडच्यांना विचारा." तिकडचे म्हणाले, "उजेड डाव्या बाजूला पडणार ना? मग तो त्यांचा प्रश्न." दोघंही अतिशय गोड बोलले आणि दोघांनीही शेवटी "ग्रँड!", म्हणजे अगदी उत्तम, असं म्हणून फोन ठेवला.

शेवटी आमच्या शेजारच्या निवृत्त इलेक्ट्रिशियनना राग आला. जन्म याच गावातला, स्वभाव सरळ, आवाज मोठा. ते अपक्ष म्हणून गावाच्या मतदारसंघातून उभे राहिले. वचन एकच, दिवे लावतो.

नेमके त्याच उन्हाळ्यात माझे सासरे, बाबा, तीन महिन्यांसाठी अकोल्याहून आले होते. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि पस्तीस वर्षं निवडणूक ड्युटी केलेले. पहिला आठवडा ते खिडकीत बसून कंटाळले. शेजारी पत्रकं वाटताना दिसल्याबरोबर त्यांनी पायांत बूट चढवले. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम कळायची. तरी दोन आठवडे ते बरोबर हिंडले. शेजारी दार वाजवायचे आणि बाबा मागे उभं राहून गंभीरपणे नमस्कार करायचे. बरेच लोक बाबांना निवडणूक निरीक्षक समजले.

आमच्याकडे मात्र दुसऱ्याच मतदारसंघाचे उमेदवार येत. नागरिक नसलो तरी स्थानिक निवडणुकीत आम्हाला मत होतं, आणि मी गार्डा स्टेशनात, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, जाऊन फॉर्मवर शिक्का घेऊन नाव घातलं होतं. तिथे एका मतपत्रिकेवर पसंतीचे क्रमांक घालतात, एक, दोन, तीन. त्यामुळे प्रत्येक उमेदवार दारात म्हणायचा, "पहिला क्रमांक कुणाला कबूल केला असेल, तर दुसरा मला." मी सहा जणांना दुसरा क्रमांक कबूल केला. पहिला कुणीच मागितला नाही.

मतदानाच्या आठवडाभर आधी शेजारी आमच्या दारात आले. हातात मतदानाचं कार्ड, चेहरा पांढराफटक.

"हे बघा," ते म्हणाले. "माझं मतदान केंद्र पंधरा मैलांवरच्या खेड्यातल्या शाळेत आहे."

"आमचंही तेच आहे," मी म्हणाले. "आपण उजव्या बाजूला आहोत ना."

"म्हणजे मी मला मत देऊ शकत नाही?"

"नाही. उभं कुठूनही राहता येतं, मत मात्र घर असेल तिथूनच. तुमची बायकोही तुम्हाला देऊ शकणार नाही. आम्हीही कुणी नाही."

"तुम्ही नकाशा नव्हता बघितला?" असं मी विचारलं तेव्हा ते खरोखर दुखावले. "ज्या गावात जन्मलो त्याचा नकाशा कोण बघतं?"

मी बाबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "आमच्याकडे उमेदवार निवडून आल्यावर मतदारसंघ इसरते. यानं तं आधीच इसरला."

शनिवारी एका मोठ्या हॉलमध्ये मोजणी सुरू झाली. शेजारी बाबांनाही घेऊन गेले, आणि मीही दुभाषी म्हणून गेले. तिथे मोजणीच्या टेबलांपुढे कठडा असतो आणि सगळ्या पक्षांची माणसं त्याच्यावर ओणवी होऊन, उघडल्या जाणाऱ्या मतपत्रिका डोळ्यांनी टिपत, कागदावर रेघा मारत असतात. बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. दोन तासांत आजूबाजूचे लोक स्वतःच्या कागदापेक्षा त्यांच्या कागदात जास्त डोकावू लागले. एका पक्षाचा माणूस मला म्हणाला, "युअर मॅन पुढच्या वेळी आमच्याकडे येईल का?"

दुपारी बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "सूनबाई, हा पडते. थोडक्यात पडते. सांग त्याले."

"मी कशी सांगू?"

"मंग काय मी सांगू? मले इंग्रजी कुठं येते?"

शेजारी जवळ आले आणि त्यांनी उत्सुकतेनं विचारलं, "काय म्हणताहेत?"

"म्हणतात, अटीतटीचं आहे," मी म्हणाले.

ते रविवार दुपारपर्यंत अटीतटीचंच राहिलं. एकेक उमेदवार बाद व्हायचा, त्याच्या पत्रिकांवरचे दुसरे-तिसरे क्रमांक इतरांना वाटले जायचे आणि पुन्हा मोजणी. शेवटच्या जागेसाठी शेजारी आणि एक जुना नगरसेवक एवढेच उरले. हा नगरसेवक मागच्या दोन टर्ममध्ये काही बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण प्रत्येक अंत्यविधीला हजर असायचा. शेजारी नऊ मतांनी पडले. फेरमोजणीतही नऊच. आमच्या उजव्या बाजूला तीसच्या वर मतं होती.

दिवे पुढे दोन वर्षांनी लागले. त्याचं श्रेय दोन्ही मतदारसंघांच्या पत्रकांत छापून आलं, फोटोसकट. शेजाऱ्यांचं नाव अर्थातच कुठे नव्हतं.

पण मोजणीनंतरच्या त्या सोमवारी संध्याकाळी त्यांच्या घरी रस्त्यावरचे लोक जमले. कुणी सँडविच आणली, कुणी ॲपल टार्ट, तिथे मयताच्या घरी नेतात तसं, आणि सगळे हळू आवाजात बोलत होते. शेजारी चहाचा कप घेऊन उभे होते. म्हणाले, "अरे, मेलं कोण आहे?" मग सगळे थोडे हसले. बाबा दाराजवळच्या खुर्चीवर बसून येणाऱ्यांकडे बघत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "पाह्यलं का? ज्यायले मत देताच येत नव्हतं ते सारे आले. पलीकडून दोघंच हायेत."

मी मोजलं. खरंच दोघं होते, आणि त्यातला एक दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता होता.

थोड्या वेळानं बाबा उठले आणि शेजाऱ्यांपाशी गेले. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून मराठीतच बोलायला लागले. "पस्तीस वर्षं मोजणी केली राजा, पन कोन पडलं अन् कोन आलं, आपल्याले काई घेनंदेनं नसे. पेटी सील केली का घरी. आज पह्यल्यांदाच वाईट वाटलं."

शेजाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी काहीही न गाळता सांगितलं.  त्यांनी बाबांना हाताला धरून आत नेलं आणि स्वतः त्यांच्यासाठी चहा ओतला.