पुसलेली पहिली ओळ

हे मी आजवर एकाही पत्रकात छापलेलं नाही. पत्रकं छापली ढीगभर — ‘ज्ञानाला कुलूप नको!’, ‘प्रोग्राम खुला, तर गणित खुलं!’ हिंगोलीच्या बस स्थानकावर उभं राहून वाटली. प्रोग्राम दडवून ठेवणाऱ्यांना चोर म्हणालो. आणि चोर कोण होता?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सविता आणि मी हिंगोलीत एकाच वर्गात गणित शिकायचो. मी कुरुंद्याचा, ती औंढ्याजवळच्या तांड्यावरची. मॅट्रिक्स सोडवणारा माझा प्रोग्राम मी जगापुढे ठेवला होता — फुकट, खुला, कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. पण आकडे मोठे झाले की तो चुकायचा. का, ते मला कळेना. सविताला कळलं. तिने दशांश टाळून नुसत्या पूर्णांकांवर चालणारी युक्ती बसवली आणि फ्लॉपी माझ्या हातात दिली. “वर माझं नाव टाकलंय. काही चुकलं तर मला इचारा म्हणावं.”

या कामात रीतच तशी. ज्याची दुरुस्ती, त्याचं नाव फाइलीच्या पहिल्या ओळीत. फाइल जगापुढे ठेवायला इंटरनेट लागायचं, आणि ते तेव्हा नांदेडला. वारंगा फाट्यावर गाडी बदलली, नांदेड गाठलं — आणि ती ओळ पुसली. माझं नाव लिहिलं. काय होतं मनात? तांड्यावरची पोरगी, तिला कोण विचारतंय — हेच होतं. हे मऊ करून कसं लिहू?

त्या फाइलीच्या जोरावर मी संशोधन संस्थेत गेलो. शास्त्रज्ञ झालो. सभा, टाळ्या. मग तक्रारी सुरू झाल्या — काही उत्तरं उलट्या चिन्हाची येतात. युक्ती तुमची, तुम्हीच समजावा. काय समजावणार? ती मला कधी पुरती उमगलीच नव्हती. शेवटी वापरणाऱ्यांनी बजावलं : दुरुस्त करा, नाहीतर आम्ही हा प्रोग्राम सोडतो.

त्याच आठवड्यात औंढ्याच्या एका शाळेत माझं भाषण होतं. सविता तिथे गणित शिकवते, हे मला ती दिसल्यावर कळलं. तरी गरजलोच — “सगळं खुलं आहे, उघडा आणि वाचा!”

ती मागच्या बाकावरून उठली. “वाचलं की, सर. कवापासून वाचून राहिले. मॅट्रिक्सच्या ओळींची अदलाबदल झाली की दर खेपेला चिन्ह उलटतं. अदलाबदल दोनदा झाली, तरी ते एकदाच मोजतंय. माझीच चूक हाय ती.”

“मग सांगितलं काहून न्हाई?” मी विचारलं.

“कुणाला सांगू? वर तुमचं नाव हाय. तुमाला समदं येतच असंल की, सर!”

पोरं खदखदून हसली. त्यांच्यासमोर, शाळेच्या एकुलत्या एक संगणकावर, तिने चार ओळी बदलल्या. उत्तर आलं — बराबर! एकेक फसलेलं मॅट्रिक्स घातलं, एकेक सुटलं. पोरांनी बाकं बडवली. मीही बडवली. प्रोग्राम जगला!

आज तो देशोदेशी चालतो. पहिल्या ओळीत मी परत लिहिलेलं सविताचं नाव आहे, शंका औंढ्याला येतात, उत्तरं औंढ्याहून जातात. त्या फाइलीत माझं नाव नाही. मात्र प्रोग्रामच्या जुन्या प्रतीही जगापुढे आहेत, त्यांत ते आहे — कुठल्या दिवशी चढवलं ते, आणि आजच्या प्रतीशी ताडलं की कुणाच्या युक्तीवर तेही, सगळं. त्या प्रती मला काढून टाकता येतात. काढणार नाही. सगळं खुलं आहे. उघडा आणि वाचा.