बंद खाणीतला तितर

तितर तुझ्याच खोकल्यानं उडाला, मामा.

आज तुझी तेरवी आहे म्हणून चूक माझी होती असं मी कबूल करणार नाही.

सहा वर्षं गावभर सांगत फिरलास, "भाच्यानं शिकार घालवली." आज खरं काय ते लिहूनच टाकतो.
(फॉरेस्टवाल्यांनो, जुनी गोष्ट आहे. आता आम्ही कोंबडीच खातो.)

मित्रांनो, आमच्या वणीकडं एक बंद पडलेली कोळशाची खाण आहे. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, त्यावर बाभळी आणि काटेरी झुडपं. मामा त्याच खाणीत ठेकेदाराकडं कामाला होता. खाण बंद झाली, मामा तितरांच्या मागं लागला.

दिवाळी होऊन गेलेली. मी सातवीतच शाळा सोडलेली, आणि आता डोक्यात फक्त सुरत, तिथलं कापडाच्या लूमवरचं काम. बाबा नाहीच म्हणत होते.

मामा म्हणाला, "एक तितर आपल्या हातानं धरून दाखव. तुह्या बापाशी मी बोलतो."

झालं. सकाळी मामाच्या आधी मीच तयार.

मामाकडं एक पाळलेला तितर होता. त्याचा पिंजरा जमिनीवर ठेवायचा, भोवती नायलॉनचे फासे लावायचे. हा ओरडला की रानातला भांडायला येतो आणि पाय फाशात अडकतो.

पण उपाशी असला तरच ओरडतो. मला कुठं माहीत? मी लाडानं त्याला मूठभर ज्वारी चारली, वर वाळवी पण.

पिंजऱ्यावरचं फडकं काढलं. पठ्ठ्या डोळे मिटून बसलेला.

"काय चारलं बे याले?"
"थोडीशी ज्वारी."
"थोडीशी? पाहुण्यावानी जेवून झोपला ना थो."

मग मामा मातीत पालथा पडला, तोंडाला हात लावले आणि स्वतःच तितरासारखा ओरडायला लागला. सेम टू सेम.

समोरच्या डोंगरावरून उत्तर आलं.

मग अजून जवळून.

झुडपातून बाहेर आला तो. मान ताठ, छाती फुगवलेली, आखाड्यातल्या पैलवानासारखा गोल फिरतोय. माझ्या छातीत अशी धडधड, जसे आता मी चालवतो ते बारा लूम एकदम चालू केलेत.

एक पाय फाशात गेला.

मी झेप घेणार, तेवढ्यात मामा खोकला. त्याचा तो खाणीतला खोकला, एकदा सुटला की थांबत नाही.

तितर फडफडला. भुसभुशीत माती, फाशाची खुंटीच उपटून आली. पुढं तितर, त्याच्या पायाला खुंटी, खुंटीच्या मागं मी. काट्यांतून, दगडांवरून, शेवटी बसल्या बसल्या ढिगाऱ्यावरून खाली. हात घातला, फासा तुटला, तितर भुर्र.

मुठीत दोन पिसं.

वर आलो तर डोक्यापासून पायापर्यंत काळा. मामा खोकतोय पण आणि हसतोय पण.

"पीस म्हंजे तितर नाई, भाचे."
"मग बाबांशी बोलणार नाहीस?"

मामानं पिंजरा उचलला, चालायला लागला.

संध्याकाळी मात्र घरी आला. "भाऊजी, पोट्टं लय धावते. बांधून ठेवाल तं वाया जाईन. जाऊ द्या सुरतेले."
"अन् पैसे नाई पाठवले तं?"
"मी भरून देईन."

तेव्हापासून दर पगाराला मामाचा फोन. लूमच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही, तरी कळायचं. "टाकले का बे?"

एका महिन्यात मी त्या पैशांचा नवा मोबाईल घेतला आणि खोटं बोललो, "हो, टाकले."

त्या महिन्याचे पैसे घरी पोचले होते, मामा. कुणी दिले, ते तुझ्या मातीला आलो तेव्हा मामीनं सांगितलं.

तेरवीला सुट्टी मिळाली नाही. आज पगार झाला. सुरतेजवळ कडोदऱ्यात शिफ्ट सुटली, बाहेर येऊन उभा राहिलो, फोन वाजला नाही.

शेवटचा रामराम, मामा.

टाकतोय. बाबांना सात हजार. मामीला सात हजार.