आटलेला समुद्र

"आरं दिग्या, पानी माघारी आलं! समुद्र माघारी आला!"

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, जीपच्या बॉनेटवर उभे राहून ओरडत होते. गुडघ्यांमुळे ज्यांना गेल्या दिवाळीत पाटावर बसता आलं नाही, ज्यांना खुर्चीत बसवून उटणं लावावं लागलं, ते बॉनेटवर कसे चढले याचा खुलासा अजून कुठल्याही हाडांच्या डॉक्टरला करता आलेला नाही. जीपच्या चारी बाजूंना समुद्र होता. जीप माझी नव्हती. तिथे नेऊन उभी मात्र मीच केली होती.

आता मुळापासून सांगतो.

मी भिंगारला राहतो आणि ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. म्हणजे ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांना, असतं तर ते कसं जपून वापरलं असतं, हे समजावून सांगतो. आपल्याकडे या धंद्याला मरण नाही. पण कंपनीला एक दिवस साक्षात्कार झाला की कोकणातल्या नारळी-पोफळीलाही नळ्या लागतात. साहेबांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, "अलिबागकडे, दापोलीकडे की मालवणकडे, ते तुम्ही ठरवा. जूनपासून जायचंय. सोमवारी सांगा." मी घरी आलो तो मनातल्या मनात नारळ सोलतच.

घरात आल्यावर सोलणं थांबलं. नाना म्हणाले, "तुमी जा. मी पाथर्डीला गावाकडं ऱ्हाईन. एकटा."

यातला 'एकटा' नाना असा उच्चारतात की ऐकणाऱ्याला आपल्यावर खुनाचा खटला चालू आहे असं वाटावं. लगेच आठवीतली ओवी म्हणाली, "नाना नाहीत तर मी पण नाही." पाचवीतला पार्थ म्हणाला, "मी पण नाही. मग मला बॉलिंग कोण टाकणार?" (नाना खुर्चीत बसून टाकतात. चेंडू वळतो. खुर्चीही वळते.) बायको वैशाली म्हणाली, "मुलंच नाहीत तर मी काय नारळ मोजायला येऊ?" थोडक्यात, मी कोकणात एकट्याने पिठलं-भात करून खायचा, हा ठराव चहा गार व्हायच्या आत मंजूर झाला. आणि बदली नाकारणाऱ्या माणसांना आमची कंपनी गोदामात नळ्यांच्या वेटोळ्यांशेजारी बसवते, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी हात जोडले. "नाना, एकदा बघून तर या. नाही पटलं, तर मी जात नाही. बसेन गोदामात."

नानांनी आधी घरातले भरलेले हंडे मोजले. मग म्हणाले, "येतो. पर पानी आपलं घ्यायचं."

इथे बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे नळाला पाणी आलं की घरातल्या ज्या वस्तूला बूड आहे ती भरली जाते. हंडे, बादल्या, कुकर, आणि एकदा नजरचुकीने पार्थचा क्रिकेटचा करंडक. अशा घरातून निघालेला माणूस पाण्याच्या बाबतीत परक्या गावावर विश्वास ठेवत नाही. त्यामुळे जिथे पावसाळाभर आभाळ फाटलेलं असतं त्या मुलखाकडे आम्ही भिंगारच्या नळाच्या पाण्याचे मोठमोठे कॅन घेऊन निघालो. जीप वैशालीच्या भावाची, संतोषची. चावी देताना तो म्हणाला, "दाजी, गाडीला जपा. पोटच्या पोरासारखी हाय."

अलिबागला नाना जीपमधून उतरलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "ही तर शिर्डीची गुरवारची गर्दी हाय. फक्त कापडं कमी. पुढं चल."

पुढे म्हणजे, वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी, दापोलीच्या पलीकडच्या एका लहान गावात. गाव बेतशीर होतं, शाळा समुद्रापासून हाकेवर होती. मुख्याध्यापिका बाईंनी मुलांशी दोन गोड शब्द बोलून मला विचारलं, "आणि तुम्ही काय करता?"

साधा प्रश्न होता. त्याला 'नळ्या विकतो' हे साधं उत्तर होतं. पण समोर बायको, वडील आणि मुलं असली की माझी जीभ फेटा बांधून बसते. मी म्हणालो, "पाण्यावर माझा अभ्यास आहे, बाई. पाणी कुठं आहे, कधी येणार, कधी जाणार, मला नुसत्या नजरेनं कळतं."

"हो का?" बाई म्हणाल्या. "छान."

नानांनी शाळेच्या विहिरीचं पाणी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि तोंड वाकडं करायचा पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही. "गोड हाय," ते कसंबसं म्हणाले. पण येतो म्हणाले नाहीत.

दुपारी आम्ही समुद्रावर गेलो, आणि तिथे चमत्कार झाला. समुद्र पार आत गेलेला. मागे राहिलेली ओली, सपाट, लांबच लांब जमीन बघून नानांचे डोळे लकाकले. आमच्या गावच्या तळ्याचं पाणी आटत गेलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पेरणी करतात. त्याला गाळपेर म्हणतात. नानांची सगळी तरणी वर्षं त्या गाळात काकडी आणि कलिंगडं पिकवण्यात गेलेली.

"दिग्या," नाना म्हणाले, "एवढी गाळपेर पडीक टाकलीय व्हय रं ह्या लोकांनी?"

निघाल्यापासून त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता. ही संधी मी सोडणार? नानांना वाळूत चालवेना, म्हणून मी जीपच खाली घेतली. वाळू सिमेंटसारखी घट्ट होती. पाण्याच्या अलीकडे नेऊन झोकात उभी केली.

ओवी म्हणाली, "पप्पा, ओहोटी असेल ही. भरती आली तर?"

आता भरती-ओहोटी मलाही ठाऊक होती. भूगोलात आकृतीसकट शिकलो होतो. म्हणूनच मी आत्मविश्वासाने म्हणालो, "भरती कशामुळे येते?"

"चंद्रामुळे."

"मग आत्ता दुपारी दिसतोय का कुठं चंद्र?"

ओवीने आभाळाकडे पाहिलं. चंद्र नव्हता. विषय मिटला.

नाना काठीने वाळूत वाफे आखायला लागले. "हितं काकडी. तिकडं कलिंगड. बांधाला मका."

"नाना, माती खारट असते इथली," ओवी म्हणाली.

"शेणखत टाकू की."

आम्ही सतरंजी टाकून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वैशालीसुद्धा हसत होती. मी मनात साहेबांना फोनही लावून टाकला होता. तेवढ्यात एक लाट हळूच आली आणि नानांनी आखलेल्या पहिल्या वाफ्यात शिरली.

"बघ!" नाना खूश झाले. "मोटार न लावता वाफा भरला."

दुसरा वाफा भरला तेव्हा त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या लाटेबरोबर त्यांची एक चप्पल गेली. चौथीबरोबर चटणी. वैशाली मुलांना घेऊन कोरड्या वाळूकडे पळाली आणि जाता जाता म्हणाली, "अहो, नजरेनं कळणारे! गाडी काढा!"

मी जीप सुरू केली आणि पाय दाबला. इतका वेळ सिमेंटसारखी असलेली वाळू क्षणात रव्याचा शिरा झाली. चाकं जागच्या जागी फिरली आणि जीप बूड टेकून बसली. कॅनच्या वजनाने मागून जरा जास्तच. याच वेळी नाना बॉनेटवर चढले आणि सुरुवातीला सांगितलेली ती घोषणा झाली.

याच वेळी संतोषचा फोनही आला.

"दाजी, गाडी कशी चाललीय?"

"शांत आहे एकदम."

"आवाज कसला येतोय?"

"समुद्राचा."

"लई जवळ थांबलाय वाटतं."

"आम्ही लांबच थांबलो होतो," मी म्हणालो. त्याला हे समजावून सांगण्याआधी रेंज गेली. (रेंज गेली म्हणजे मी फोन बंद केला.)

मग किनाऱ्यावरून शिट्टी ऐकू आली. सकाळच्याच शाळेचा मुलींचा रस्सीखेचचा संघ रोजच्या सरावाला वाळूवर उतरला होता. सोबत खेळाचे सर, आणि सरांच्या मागे साक्षात मुख्याध्यापिका बाई. माणूस बुडताना देवाचं नाव घेतो. मी मात्र देवा, पाणी आणखी थोडं चढू दे, म्हणजे तोंड तरी दिसणार नाही, असं म्हणत होतो.

सर गुडघाभर पाण्यातून आले. दोर जीपच्या मागच्या हुकाला बांधला. म्हणाले, "वजन कमी करा. ते कॅन ओतून टाका."

हे ऐकून नाना बॉनेटवरून उतरून मागच्या सीटवर आले आणि एका कॅनला मिठी मारून बसले. "प्यायचं पानी सांडायचं न्हाई."

"आजोबा, पाण्याला इथे तोटा नाही हो."

"तसं समदेच म्हनत्यात. मग टँकर येतो."

भोवताली अख्खा अरबी समुद्र होता, सीटखाली त्यातला थोडा आत आला होता, आणि मध्ये आमचे वडील भिंगारचं पाणी वाचवत होते. शेवटी सर हरले. मुलींनी रांग केली आणि कॅन हातोहात किनाऱ्यावर नेले. शेवटच्या कॅनबरोबर दोघींनी नानांनाही धरून नेलं. कॅन त्यांनी सोडला नव्हता.

मग खेच सुरू झाली. सर शिट्टी मारत, मुली टाचा रोवत, जीप हलल्यासारखं करून पुन्हा बसे. तेवढ्यात मला दोराच्या टोकाला एक ओळखीची वेणी दिसली. ओवी. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. पुढची मुलगी मागे न बघता तिला म्हणाली, "पाय आडवा रोव गं. शिट्टीला ओढ, मध्येच नको." पार्थ किनाऱ्यावरून नानांसोबत आरोळ्या देत होता. आणि एका शिट्टीला जीप बुचासारखी निघाली आणि अख्खा संघ वाळूत पाठीवर पडला. ओवी सगळ्यात खाली होती आणि सगळ्यात जास्त हसत होती.

सगळे कोरड्या वाळूवर आलो. मी मुलं मोजली, वडील मोजले, बायकोकडे बघायचं टाळलं. सगळं जागेवर होतं. एवढा हलका मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

बाई जवळ आल्या. मी खाली बघितलं. त्या म्हणाल्या, "मुलीला जूनपासून संघात घेऊ. दोराला चांगली आहे." आणि थोडं थांबून, "तुमचा अभ्यास मात्र वाढवायला हवा."

सर म्हणाले, "गाडी लगेच गोड्या पाण्याने धुवा, नाही तर गंजेल. चला आमच्या विहिरीवर."

"त्यांचं पानी कशाला नासायचं?" नाना म्हणाले. त्यांनी कॅनचं झाकण स्वतः उघडलं. घोटभर पाणी चूळ भरायला ठेवलं, आणि भिंगारहून पोरासारखं मांडीवर घेऊन आणलेलं ते पाणी तांब्या-तांब्याने जीपवर ओतलं. नानांना पाणी ओतताना घरातल्या कुणीही याआधी पाहिलेलं नव्हतं.

मालवण आम्ही अजून पाहिलेलं नाही.

परतीच्या वाटेवर, घाट चढताना, मुलं एकमेकांवर डोकी टाकून झोपली. मी धीर करून आरशातून नानांकडे बघितलं. "नाना, मग येणार ना आमच्यासंगं राहायला?"

नाना खिडकीबाहेर बघत होते. एका पायात चप्पल, दुसरा पाय मोकळा.

"यावंच लागंल," ते म्हणाले. "पोरं काय तुझ्या भरवशावर सोडू?"