शैलजाताईचा ओढ्याकाठचा पत्ता

शैलजाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, आंग मो किओच्या ऑफिसात बसून तिचंच काम करत होते. अमेरिकेतल्या एका छोट्या लायब्ररीला ईमेल लिहीत होते, की तीसेक वर्षांपूर्वी शैलजा सबनीस नावाची बाई तुमच्याकडून पुस्तकं नेत असे, तिच्या नावापत्त्याची काही नोंद उरली आहे का... फोनवर तिचे यजमान, माझे अविनाश भावजी, एवढंच म्हणाले, "गेली गं." तो ईमेल मी आजवर पाठवलेला नाही आणि पुसलेलाही नाही.

आमची ओळख इथल्याच सेंगकांग भागातली, एकाच ब्लॉकमधली. मी पुण्याहून नवीन आले होते आणि कुणाकडे मदत मागायची नाही अशा तोऱ्यात होते. ताई आपणहून दारात आली, माझ्या हातातली डाळीची पिशवी बघून म्हणाली, "कुठून आणलीस? चांगलंच गंडवलंय तुला." तिथून पुढे माझा तोरा कधी टिकलाच नाही. रागावणारी, हक्क गाजवणारी, आजारपणात डोक्याशी बसून राहणारी अशी ती होती. लिफ्टमध्ये भेटलेल्या चिनी आजीशीसुद्धा ती बिनदिक्कत मराठीत बोलायची, आणि आजीला ते कळायचंही.

तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि वर्षभरानं तिच्या लेकीनं, ईशानं, एक बातमी वाचून दाखवली. लग्नानंतरची तीन वर्षं ताई अमेरिकेत होती, भावजींची पीएचडी चालू असताना. त्या घरामागून एक ओढा वाहायचा. जुन्या अणुबॉम्बच्या कारखान्याचा कचरा त्या ओढ्यात मुरला होता, आणि आता काठच्या आजारी रहिवाशांना सरकार भरपाई देणार होतं. ताईनं ती पुन्हा एकदा वाचायला लावली. मग म्हणाली, "अगं, त्या काठावर मी मेथी लावली होती. तिकडे मिळायची नाही ना... जुड्या बांधून सगळ्यांना वाटायचे." त्या सगळ्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न तिनं तोंडानं कधी विचारला नाही, पण त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

भरपाईसाठी अट एकच होती, निदान दोन वर्षं तिथे राहिल्याचा त्या काळातला कागद हवा. साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र नुसतं चालणार नव्हतं. पैशाचा विषय काढला की ताई भडकायची. "पैसे गेले खड्ड्यात! ही बाई इथे राहत होती आणि हिला हे इथेच झालं, एवढं मला त्यांच्याकडून लिहून हवंय. तेही मी असेपर्यंत." म्हणून आम्ही शोधायला बसलो. मी ईमेल लिहायचे, ती केमोहून आल्यावर सोफ्यावर आडवी पडून आठवून सांगायची. भाड्याचा करार सापडला, त्यावर भावजींचं नाव आणि पुढे 'राहणाऱ्या व्यक्ती दोन'. दुसरी व्यक्ती कोण, ते नव्हतं. विजेचं बिल, बँक, फोन, सगळं भावजींच्या नावावर. व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नव्हती, गाडी ती चालवत नव्हती. ईशाच्या वेळी रिवाजाप्रमाणे बाळंतपणाला माहेरी, साताऱ्याला आली, म्हणून जन्मदाखलाही साताऱ्याचा. "तिकडेच बाळंत झाले असते तर पत्त्यासकट नाव लागलं असतं," ती म्हणाली. ईशा कागद चाळून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागली, "आई, एव्हरीथिंग ऑल्सो अंडर पपाज नेम, लाह!" भावजी गॅलरीत जाऊन उभे राहिले.

मग एक दिवस आशा वाटली. तिकडच्या एका मैत्रिणीनं तळघरातून मराठी मंडळाची जुनी वार्तापत्रं शोधून स्कॅन करून पाठवली. ती तीन वर्षं ताईच मंडळाची सेक्रेटरी होती. तेव्हा वार्तापत्र हातानं लिहून झेरॉक्स काढत, आणि ताईचं अक्षर मोत्यासारखं. दर दिवाळीच्या अंकात सभासदांची पत्त्यांसकट यादी. मी आनंदानं ओरडलेच. ताईनं लॅपटॉप जवळ ओढला. ओढ्याकाठचा पत्ता होता, वर्षही होतं. नावाच्या जागी तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'श्री. व सौ. अविनाश सबनीस'. सगळीच कुटुंबं तशी लिहिलेली. संपादक म्हणून शेवटीसुद्धा नुसतं 'सौ. सबनीस'. ताई आधी हसली, खूप हसली. मग म्हणाली, "अक्षर माझंच आहे गं. मीच माझं नाव लिहिलं नाही. आपल्यात तसंच लिहितात ना..." आणि तोंड फिरवून रडली. माझा असा संताप झाला! त्या भरपाईच्या कचेरीचा, त्या रिवाजाचा, बिचाऱ्या भावजींचासुद्धा. तरीही आम्ही ती पानं पाठवली. उत्तर आलं, यावरून ही 'सौ.' म्हणजे अर्जदारच, हे सिद्ध होत नाही. त्यानंतर लायब्ररीच काय ती उरली होती.

आता वारस म्हणून भावजींना अर्ज करता येतो. म्हणजे वर पुन्हा त्यांचंच नाव. ते म्हणाले, "तिला नाही मिळालं, ते मी कशाला मागू?" मला त्यांना समजवावंसं वाटलं नाही.

इथे मृत्यूचा दाखला ऑनलाइन येतो. बाराव्यानंतर मी तो प्रिंट करून भावजींना नेऊन दिला. ते ताईच्या सोफ्यावर, ती डोकं टेकायची त्याच कडेला बसले होते. त्यांनी चष्मा लावला आणि ओळींवरून बोट फिरवत वाचला. तिचं पूर्ण नाव, त्याखाली ब्लॉक, फ्लॅट नंबर, सेंगकांग. कोणाची कोण, ते कुठेही नव्हतं.

"बघ, नाव आणि पत्ता दोन्ही आहे," ते म्हणाले. "किती पटकन मिळाला गं. ती असती तर..."

ती असती तर हा कागदच नसता, हे त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे परत दिला.